एक पेला, एक पॅन आणि नागपूरचा शनिवार: वाइनसोबत हलकं जेवण कसं रांधावं

पहिल्या वेळी मी सगळंच चुकवलं होतं. लोखंडी कढई, घरच्या सावजी मसाल्यातला कोंबडीचा रस्सा आणि कुठंतरी बघितलं म्हणून त्यात वाटीभर रेड वाइन. रस्सा शाईसारखा काळा झाला आणि चव अशी की जणू कानस चाटतोय. सोबत भरलेल्या पेल्यातून एक घोट घेतला आणि तोंडात जाळ पेटला. आई दारात उभी राहून म्हणाली, "काय टाकून राहिला रे त्यात?" मी म्हटलं, द्राक्षाचा रस. तिनं वास घेतला. "मग द्राक्षं सडकी होती."

आता महिन्यातून दोन शनिवार आमच्याकडे हा बेत असतो. मी रांधतो, बायको सॅलड चिरते, आई गप्पा मारते. एक पॅन, माणशी एक पेला, तासाभराचा निवांत स्वयंपाक. तो कसा जमवायचा ते सगळं इथं लिहितो, आणि त्या पहिल्या रस्स्यात काय काय बिघडलं तेही ओघानं येईलच.

पेल्याची मर्यादा आधी ठरवा

वाइननं तब्येत सुधारते हे डोक्यातून काढून टाका. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये साफ सांगितलं आहे की मद्याचं कुठलंच प्रमाण पूर्णपणे सुरक्षित म्हणता येत नाही. जो पीत नाही त्यानं हा लेख वाचून सुरू करू नये. खालचे सगळे पदार्थ वाइनशिवायही होतात. गरोदर बायकांनी पेला उचलूच नये. यकृताचा त्रास असलेले, झोपेच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेले, यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पेला उचलू नये. मेट्रोनिडॅझोल या अँटिबायोटिकचा कोर्स चालू असेल तर विचारायचीही गरज नाही, तो शनिवार सोडा.

आता हिशेब. १५० मिलिलिटरचा पेला, १२.५ टक्क्यांची ड्राय (गोड नसलेली) वाइन, म्हणजे पंधरा ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल आणि सव्वाशेच्या आसपास कॅलरी. तेवढी जागा ताटातून काढायची. आमच्याकडे त्या रात्री भात निम्मा होतो. पूर्ण बाटली ७५० मिलिलिटरची, म्हणजे असे पाच पेले. दोघांच्या घरात ती उघडली की "आता उरवून काय करायची" हा सूर लागतोच. म्हणून मी ३७५ मिलिलिटरची छोटी बाटली आणतो. ८० मिली पॅनमध्ये, उरलेले जवळपास तीनशे दोन पेल्यांत, आणि बाटली रिकामी. मनाचा निर्धार वगैरे काही लागत नाही.

छोटी बाटली मिळाली नाही तर मोठी उघडताक्षणी अर्धी वाइन एका स्वच्छ, लहान काचेच्या बाटलीत अगदी तोंडापर्यंत भरा, घट्ट झाकण लावा आणि फ्रिजमध्ये ठेवा. आत हवा उरली नाही की ती आठवडाभर तरी बरी राहते. अर्धवट रिकामी बाटली मात्र तीन-चार दिवसांत उतरते.

परवान्याचंही सांगून टाकतो, कारण घरी पिणाऱ्यांना वाटतं आपल्याला काय त्याचं. महाराष्ट्रात मद्य विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. एका दिवसाचा, वर्षाचा आणि आजीवन असे प्रकार आहेत. आणि आपल्याला नागपूरकरांना आणखी एक लक्षात ठेवावं लागतं: शेजारचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा आहे, तिकडे गडचिरोलीही. रविवारी सेवाग्रामला जायचं असेल तर डिकीतली बाटली आधी घरात आणून ठेवा.

बाटली निवडणं आणि वाचवणं

डिकीवरून आठवलं. मे महिन्यात मी एक बाटली दुपारभर गाडीत विसरलो होतो. संध्याकाळी बघतो तर बूच अर्धा इंच वर आलेलं आणि वाइनला उकडलेल्या मनुकांचा वास. पारा ४५ वर असताना बंद गाडीच्या आत काय होत असेल ते सांगायला नको. नाशिकहून इथवर सहाशेच्या वर किलोमीटर ट्रकमधून आलेला माल तसाही थकलेलाच असतो. त्यामुळे दुकानाच्या काचेत उन्हात मांडलेली बाटली घ्यायची नाही, आतल्या थंड भागातली मागायची. बूच वर सरकलेलं असेल, कडेनं ओघळ असेल तर परत करायची. फिरकीच्या झाकणाची बाटली मिळाली तर उत्तमच. आपल्याकडे त्याला उगाच हलकं समजतात, पण लवकर संपवायच्या व्हाइटला तेच सोयीचं.

लेबलवरचं साल बघा. आपल्याकडे द्राक्षं जानेवारी ते मार्चच्या दरम्यान तोडतात, युरोपात सप्टेंबरच्या आगेमागे. म्हणजे एकाच सालाच्या दोन बाटल्यांत आपली सहा-सात महिन्यांनी वडील असते. व्हाइट आणि रोझे (गुलाबी वाइन) दोन वर्षांच्या आतलीच घ्यावी.

द्राक्षाची जात कुठली? या जेवणासाठी माझं उत्तर ठरलेलं आहे: शेनिन ब्लाँ. नाशिकची शेनिन बहुधा किंचित गोडसर आणि फळांच्या वासाची असते, आणि आपल्या फोडणीशी ती भांडत नाही. सॉव्हिन्यों ब्लाँ जास्त आंबट, हिरव्या मिरचीच्या नि गवताच्या वासाची. संत्र्याच्या कोशिंबिरीला तीच हवी. रेडमध्ये नाशिकची शिराझ आणि अकलूजकडची सांजोवेझे थंडीच्या दिवसांसाठी राखून ठेवा.

थंड करण्याबद्दल थोडं तपशीलात सांगतो, कारण नागपुरात निम्मी बाजी इथंच हरतात. व्हाइट ८ ते १० अंशांना द्यायची. घरचा फ्रिज साधारण ४ अंशांचा, म्हणजे तीन तास आत आणि दहा मिनिटं बाहेर. हे डिसेंबरात. मे महिन्यात कूलरसमोर बसून पेला भरला तर बघता बघता वाइन कोमट होते. तेव्हा पेला एकदम भरायचा नाही; पाऊण-पाऊणशे मिलिलिटर दोन वेळा घ्यायची आणि बाटली परत फ्रिजमध्ये. पाहुणे दारात आणि बाटली गरम, असं झालं तर एका गंजात (म्हणजे पातेल्यात) बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा. पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात ठेवली तर जास्त वेळ लागतो, कारण बाटलीला सगळीकडून थंड पाणी लागावं लागतं.

रेड "रूम टेंपरेचरला" द्यावी असं जे म्हणतात, ती रूम युरोपातल्या जुन्या दगडी घरातली, १६ ते १८ अंशांची. आपली बैठकीची खोली उन्हाळ्यात रात्री नऊलाही तिच्या जवळपास येत नाही. रेडसुद्धा अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा आणि कोणी नाक मुरडलं तर मुरडू द्या.

तिखटाशी तह

तो पहिला घोट का पेटला? मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेवरच्या ज्या उष्णतेच्या संवेदकांना चेतवतं, त्यांनाच अल्कोहोलही हळवं करतं. दोन्ही एकत्र आले की साध्या तोंडाच्या उष्णतेलाही जीभ "भाजलं" म्हणून ओरडते. त्यात रेडमधलं टॅनिन म्हणजे तो जांभळाच्या बी सारखा तुरटपणा. तिखटावर तो आणखी खरखरीत लागतो. म्हणून सावजी आणि रेड वाइन एका ताटावर नकोत. सावजीचा अपमान नाही हा. सावजी खायचं त्या दिवशी पोटभर सावजीच खावं, सोबत पाणी आणि भाकर.

या बेतासाठी नेहमीच्या तिखटाच्या एक तृतीयांश तिखट घ्या. भिवापुरी मिरचीचं असेल तर चिमूटच. चव भरून काढायला लसूण, अद्रक, जिरं, काळी मिरी, भाजलेलं खोबरं आणि सांबाराच्या काड्या आहेत. (पुण्याकडचे वाचक, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. इडलीशी संबंध नाही.) माझ्या मेहुण्यासारखं कोणी असेल, ज्याला नाकातून पाणी आल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, त्याच्यासाठी ठेच्याची वाटी वेगळी ठेवा आणि पेला संपल्यावरच पुढे सरकवा.

आंबटाचाही एक नियम आहे. पदार्थ वाइनपेक्षा आंबट झाला की वाइन पाण्यासारखी सपक लागते. म्हणून वरून निंबू पिळायचं नाही आणि लोणचं फळीवरच राहू द्यायचं. हे आमच्या घरात पचायला सर्वांत जड गेलं.

घड्याळ

जेवण साडेसातला, कारण झोपायच्या तोंडावर घेतलेली वाइन रात्री दोन वाजता जागं करते. चारला बाटली फ्रिजमध्ये. पाचला गोकुळपेठ बाजार. थंडीत संत्री, कांदापात, भरताची वांगी. मासळीवाल्याकडे भंडाऱ्याकडच्या तलावांतले झिंगे दिसले तर तेच. झिंगे दाबल्यावर घट्ट आणि वासाला ओल्या मातीसारखे असावेत. डोळ्यांना झोंबणारा वास आला की पुढे चला. सहाला आंघोळ. हसू नका, ऑफिसचा घाम अंगावर ठेवून ओट्याशी उभं राहिलं की तो रोजचाच स्वयंपाक होतो. साडेसहाला चिराचिरी, फोन दुसऱ्या खोलीत. सात वाजता गॅस पेटला की पेल्यात पहिले पाऊणशे मिली, आणि शेजारी तेवढंच पाणी. उरलेली वाइन ताटावर बसल्यावर.

आई वाइन घेत नाही. तिला त्याच काचेच्या पेल्यात गाळलेला संत्र्याचा रस, चिमूट काळं मीठ आणि वरून थंड सोडा. उन्हाळ्यात संत्र्याच्या जागी पन्हं. पेला सारखा असला की तीही ओट्याजवळची खुर्ची सोडत नाही.

पाटोडी, रस्स्याशिवाय

ही दुपारीच करून ठेवता येते. एक वाटी बेसन पावणेदोन वाट्या पाण्यात गुठळी न राहू देता कालवा. जाड बुडाच्या गंजात दोन चमचे फल्लीचं (शेंगदाण्याचं) तेल, मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेला लसूण-अद्रक एक चमचा, हळद, पाव चमचा तिखट. लसणाचा कच्चा वास गेला की कालवण ओता, मीठ घाला आणि मंद आचेवर हलवत राहा. चार-पाच मिनिटांत गोळा गंजाची कड सोडू लागतो. झाकण ठेवून पाच मिनिटं वाफ द्या. तेल लावलेल्या थाळीत ओल्या हातानं थापा, वर किसलेलं खोबरं नि सांबार दाबून बसवा, थंड झाली की वड्या कापा. तर्रीचा रस्सा नाही, तळण नाही. मऊ, लसणीच्या वासाची वडी आणि थंड शेनिन, ही जोडी मला अजून कुठल्या हॉटेलात मिळालेली नाही.

थंडीत सांबारवडीचा मोह होईल. ती तळलेली, म्हणजे आजच्या बेतात बसत नाही. पण खरं सांगायचं तर स्पार्कलिंग वाइनसोबत ती फार सुंदर लागते. वर्षातून एकदा.

संत्र्याची कोशिंबीर

दोन संत्री, एक काकडी, मूठभर कांदापात, चमचाभर भाजून भरड कुटलेलं जवस, मीठ, मिरी. संत्र्याची फोड सालपटातून सोडवून पांढरे धागे नीट काढा. ते राहिले तर वाइन कडू लागते. मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, ती गोड आणि या कामाला जास्त चांगली; हिवाळ्याच्या सुरुवातीची आंबिया बहाराची थोडी आंबट असते, तिला अर्धा चमचा मध लागतो. मीठ अगदी वाढताना घाला, नाहीतर ताटात पाणी.

मुख्य पदार्थ: वाइनमधले झिंगे, किंवा धिंगरी

दोघांसाठी पाव किलो साफ केलेले झिंगे, पाठीतली काळी शीर काढून. शाकाहारी असाल तर दोनशे ग्रॅम धिंगरी किंवा बटन मशरूम. बाकी सगळं तेच: लसणाच्या सहा पाकळ्या पातळ कापून, बी काढलेली एक हिरवी मिरची, एक टमाटर बारीक चिरून, अर्धा चमचा भरड मिरी, दोन चमचे तेल, ८० मिली व्हाइट वाइन म्हणजे साधारण अर्धी वाटी.

भांडं स्टीलचं किंवा नॉनस्टिक. लोखंडी नको, ॲल्युमिनियमही नको. वाइनमधलं आम्ल धातू खातं आणि तो माझा कानसवाला रस्सा तयार होतो. वाइनही प्यायच्या बाटलीतलीच. जी पेल्यात नकोशी वाटते ती पॅनमध्ये आटून आणखी नकोशी होते.

झिंगे कपड्यानं कोरडे पुसा. मीठ-हळद लावून दहा मिनिटं ठेवा आणि सुटलेलं पाणी पुन्हा टिपा. पॅन चांगला तापवा, एक चमचा तेल, आणि झिंगे एकमेकांना न चिकटता पसरा. आता हात आवरायचा. मिनिटभर हलवायचे नाहीत. खालची बाजू गुलाबी होऊन कडांना सोनेरी रंग आला की उलटा, आणखी मिनिटभर, की काढून घ्या. आईचा वाटा मी इथंच वेगळा करतो आणि दुसऱ्या लहान कढईत टमाटरासोबत पुरता शिजवतो. "शिजल्यावर दारू उडून जाते" हे अर्धसत्य आहे. पंधरा मिनिटं शिजवूनही चाळीस टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल उरतं, आणि आपण तर चारच मिनिटं शिजवणार. न पिणाऱ्याला, लेकरांना न सांगता हे वाढणं बरं नाही.

गॅस बारीक करा. उरलेलं तेल, लसूण, मिरची. लसूण फिका सोनेरी झाला पाहिजे, तपकिरी झाला तर टाकून नव्यानं करा, कडवटपणा लपत नाही. आता टमाटर, दोन मिनिटं. मग वाइन, मोजून वाटीतून. बाटलीतून थेट ओतायची नाही आणि मोठ्या आचेवर तर मुळीच नाही, वाफ भडकते. वाइन पडली की पॅनच्या तळाला चिकटलेलं सगळं लाकडी उलथन्यानं खरवडा. चव तिथंच असते. पहिली वाफ नाकात झोंबेल. दोन-तीन मिनिटांनी तो झोंबरा वास जाऊन शिजलेल्या फळासारखा गोडसर वास येतो आणि बुडबुडे लहानाचे मोठे, आळशी होतात. तेव्हा निम्मं आटलं समजा. झिंगे परत घाला, मिरी घाला, मिनिटभरानं एक मोडून बघा; आतून पांढरे, अपारदर्शक झाले असतील तर गॅस बंद. मिठाची चव आत्ता बघा, आटल्यावर खारटपणा वाढलेला असतो. सांबार भरपूर.

धिंगरीसाठी एवढाच फरक: ती आधी कोरड्या, तापल्या पॅनमध्ये पाणी सुटून आटेपर्यंत परतायची, तेल नंतर.

सोबत चिन्नोर तांदळाचा भात, माणशी अर्धी वाटी, किंवा एक ज्वारीची भाकर. पॅनमधला रस पुसून घ्यायला भाकर चांगली, असं माझं मत. बायकोचं वेगळं आहे.

थंडीतला बेत आणि नवतपा

डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या आसपास उतरला की रेड बाहेर येते. तिच्यासाठी भरीत. मोठं वांगं थेट आचेवर, सगळीकडून साल काळी होऊन कोसळेपर्यंत भाजा. साल काढून हातानं कुस्करा, सुरीनं नाही. कांदापात, भाजलेले फल्लीदाणे, लसूण, मीठ, थोडं कच्चं तेल. मिरची विस्तवावर भाजून फक्त एक. धुराचा वास आणि शिराझ यांचं चांगलं जमतं, आणि दाण्यातल्या तेलानं टॅनिनचा तुरटपणा बोथट होतो. माशासोबत मात्र रेड नको. तिच्यातल्या लोहामुळे तोंडात शिळ्या मासळीची चव येते.

उलट टोकाला नवतपा. पंचवीस मेपासूनचे ते नऊ दिवस आमच्याकडे बाटली बंद. दिवसभर घाम गाळलेल्या शरीरातून अल्कोहोल आणखी पाणी काढतं. तेव्हा पन्हं, ताक, आणि तीच पाटोडी गार करून.

उरलेल्या वाइनचं शेवटचं. चार-पाच चमचे जरी बाटलीत राहिले तरी बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवतो. ती पाण्याच्या बर्फासारखी टणक होत नाही, म्हणून ट्रेला पिशवी गुंडाळून ठेवावी. मंगळवारी मशरूमच्या भाजीत दोन खडे टाकायचे. ट्रेवर ठळक अक्षरात चिठ्ठी लावायला विसरू नका. आमच्याकडे एकदा त्यातले तीन खडे पाहुण्यांच्या निंबू सरबतात गेले, आणि काकांनी दुसरा ग्लास मागितला तेव्हा कुठे कळलं.